पातेलं ओट्यावर किती वेळ होतं?

गटारी जवळ आली की मुंबईतल्या घरांत एक वाद ठरलेला. उरलेलं मटण फ्रिजमध्ये ठेवायला कुणी उठलं की एक बाजू म्हणते, 'शिळं ते शिळंच, नकोच.' दुसरी म्हणते, 'आजी रस्सा रात्रभर चुलीवर ठेवायची, कुणाला काही झालं नाही.' इथे ब्रिटनमध्ये फूड स्टँडर्ड्स एजन्सीचा सल्ला सरळ आहे: शिजल्यावर एक-दोन तासांत गार करून फ्रिजमध्ये ठेवा, 48 तासांत संपवा, पुन्हा एकदाच गरम करा. अमेरिकेत फ्रिजमधलं शिजलेलं मटण तीन-चार दिवस चालतं.

तरी इथले दोन तास लालबागच्या स्वयंपाकघरात जसेच्या तसे नेऊ नयेत. इथला ओटा थंडगार, तिथे उन्हाळ्यात रात्रीही उकडतं. अमेरिकेच्या नियमातच सोय आहे: हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. मुंबईने बारा महिने तोच धरावा असं माझं ठाम मत आहे.

कारण भांडण शिळ्या-ताज्यावरून होतं आणि खरा घोटाळा गॅस बंद झाल्यानंतरच्या तासांत होतो. मांसात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू सापडतो. उकळीने तो मरतो, त्याचे बीजाणू (कवचात झोपून राहिलेलं त्याचं रूप) मरत नाहीत. रस्सा 60 अंशांच्या खाली उतरला की ते जागे होतात; 43 ते 47 अंशांत वाढ सगळ्यात जोरात, साधारण दहा मिनिटांत दुप्पट, म्हणजे तासाभरात एकाचे चौसष्ट. जाड बुडाचं, झाकलेलं, काठोकाठ भरलेलं पातेलं याच पट्ट्यात कित्येक तास रेंगाळतं. आजीचा रस्सा निखाऱ्यांवर 60 च्या वर राहत असेल तोवर ती बरोबरच होती. गॅस बंद केल्यावर खाली निखारे उरत नाहीत, हे मात्र आपण विसरतो.

'गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नको' हे अर्धंच खरं. उकळतं पातेलं आत ढकललं तर शेजारचं दूधही तापतं. म्हणून रस्सा दोन-तीन पसरट स्टीलच्या डब्यांत काढा, थर 5 सेंटिमीटरच्या आत. परातीत पाणी आणि बर्फ घालून डबे त्यात ठेवा, पळीने ढवळत राहा. वाफ थांबली आणि डबा हाताला कोमट लागला की झाकण लावून थेट फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात. कच्चं मटण कायम खाली, म्हणजे त्याचं पाणी शिजलेल्यावर गळत नाही. दारातल्या कप्प्यात नको, दार उघडलं की तिथे पहिली गरम हवा लागते. आतलं तापमान 5 अंशांच्या आत हवं. ते पाहायला साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात घालून रात्रभर आत ठेवा.

गरम करताना लागेल तेवढंच काढा आणि खळखळून उकळी येऊ द्या. मायक्रोवेव्हमध्ये नळीच्या हाडाजवळचं मांस गार राहतं. मधेच काढून हलवा, पुन्हा लावा. वास घेऊन ठरवू नका, आजारी पाडणाऱ्या जिवाणूंना बहुतेकदा वासच नसतो.

बिर्याणीला मात्र आणखी जपा. भातातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचं उलटी करवणारं विष एकदा तयार झालं की उकळूनही जात नाही. ती तासाभरात फ्रिजमध्ये गेली नसेल तर टाकून द्या. गेली असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी संपवा.