बाबूरावांना आत सोडू नये

सोसायटीच्या गेटवर वही असते. येणारा तीत नाव लिहितो नि आत जातो; नाव खरं की खोटं, कोण बघतंय! 'बाबूराव' लिहून कुणी जिन्यातल्या चपला पळवल्या, की कमिटी ठराव करते: बाबूरावांना आत सोडू नये. चोर उद्या 'शांताराम' लिहितो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे सख्खे बंधू बाबूराव पेढ्यांचा पुडा घेऊन गेटवर ताटकळतात.

वेबसाइटच्या चौकशी-फॉर्मवर स्पॅम येतो म्हणून एकेक ईमेल पत्ता ब्लॉक करत बसणं म्हणजे हाच ठराव. फॉर्ममधला ईमेलचा रकाना ही ती वही. तिथे रोबो, म्हणजे आपोआप फॉर्म भरत सुटणारा प्रोग्रॅम, काय वाट्टेल ते लिहितो, बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाचा खराखुरा पत्ता.

त्यात जीमेलला पत्त्यातले टिंब दिसतच नाहीत. आठ अक्षरांच्या नावात सात फटी, म्हणजे टिंबं टाकून एकाच खात्याचे १२८ अवतार. पुढे अधिकचं चिन्ह जोडून काहीही लिहिता येतं, ते वेगळंच. म्हणून ब्लॉक केलेल्यांच्या यादीशी ताडण्याआधी टिंबं आणि अधिकनंतरचं शेपूट कापावं. टिंबं फक्त जीमेलचीच कापा हं. इतरत्र टिंब बदललं की माणूस बदलू शकतो.

पत्त्याऐवजी अख्खं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, बंद करणं बरं, पण ते दहा मिनिटांत विरघळणाऱ्या तात्पुरत्या पत्त्यांचं. रागाच्या भरात जीमेल डॉट कॉम बंद केलंत, तर स्पॅम थांबेल आणि गिऱ्हाईकही. शब्दांच्या यादीतही तीच गत. वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरची नकोशा शब्दांची यादी शब्दाच्या पोटातही शिरून बघते. सियालिस या गोळीचं इंग्रजी स्पेलिंग तीत घातलंत, की 'स्पेशालिस्ट' लिहिणारा प्रत्येक डॉक्टर बाहेर. कारण त्या स्पेलिंगच्या पोटात ती गोळी अख्खी बसलेली आहे.

माझं मत विचाराल तर नाव सोडा, चाल बघा. फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक जादा रकाना ठेवा. रोबोला रिकामा रकाना बघवत नाही. त्याने भरला की अर्ज गुपचूप टाकून द्या आणि वर 'धन्यवाद' दाखवा. मात्र त्या रकान्याचं नाव 'फोन' ठेवू नका, ऑटोफिलही बंद करा. नाहीतर ब्राउझरच तो परस्पर भरेल आणि सापळ्यात सापडतील पुन्हा बाबूराव. टॅबचं बटण दाबत पुढे जाणाऱ्यांच्या रांगेतून आणि अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरपासूनही तो लपवा. दुसरा उपाय घड्याळाचा: पान उघडल्यापासून तीन सेकंदांत भरलेला फॉर्म माणसाचा नव्हे. फक्त पान कॅशमधून, म्हणजे आधीच साठवून ठेवलेल्या प्रतीतून, येत असेल तर वेळही शिळी येते आणि हिशेब चुकतो.

आपोआप जाणारं 'आभारी आहोत' हे उत्तर तर आधी बंद करा. पत्ता खोटा असल्याने ते आभार भलत्याच माणसाला पोचतात. तो वैतागून 'स्पॅम' दाबतो आणि बदनाम होतो तुमचा सर्व्हर.

इतकं करून उरतो तो 'तुमची साइट गूगलच्या पहिल्या पानावर आणतो' म्हणणारा. हा पुष्कळदा खरा माणूस असतो. सावकाश टाइप करतो, लपवलेल्या रकान्याला हात लावत नाही. त्याचा पत्ता मात्र खुशाल यादीत टाका. तो बहुधा जीमेलचाच असेल. पहिलं पान वाटत फिरणाऱ्याकडे स्वतःची वेबसाइट क्वचितच असते.