'अमेझॉन घेऊन ठेवला असता तर...' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की तेजी आली की मी लोकांना घाबरवत बसतो, 2000 साली ज्यांनी अमेझॉन घेऊन ठेवला ते आज करोडपती आहेत, आणि ज्याला शेअर निवडता येत नाही त्याने सरळ टेक्नॉलॉजी फंड (फक्त टेक कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड) घ्यावा. राग अजिबात नाही, पण मला हे पटत नाही.

अमेझॉनचंच घ्या ना. डिसेंबर 1999 मध्ये भाव 107 डॉलरच्या आसपास होता, मग इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटला आणि 2001 मध्ये तो 6 डॉलरच्या खाली आला, म्हणजे लाखाचे उरले साडेपाच-सहा हजार, आणि तो जुना भाव परत दिसायला 2009 उजाडलं. मधल्या दहा वर्षांत मुलांच्या अ‍ॅडमिशन, आईचं ऑपरेशन, नोकरीची कटकट, हे सगळं सांभाळून तो शेअर धरून बसलेले किती जण असतील? आणि हीच कंपनी टिकणार हे तेव्हा कळणार कसं? पाळीव प्राण्यांचं सामान ऑनलाइन विकणारी पेट्स डॉट कॉम फेब्रुवारी 2000 मध्ये शेअर बाजारात लिस्ट झाली, त्याच नोव्हेंबरात गाशा गुंडाळला, आणि तिच्यात खुद्द अमेझॉनचे पैसे होते!

इंटरनेटच्या नेटवर्कची यंत्रं बनवणारी सिस्को तर बुडालीही नाही. मार्च 2000 मध्ये बाजारमूल्यात जगात एक नंबर, भाव 80 डॉलर. धंदा पुढे कितीतरी वाढला पण तो भाव परत दिसायला 2025 संपत आलं. इंटरनेट जग बदलणार हे लोकांचं बरोबरच होतं हो, चुकलं ते त्यासाठी मोजलेल्या किमतीत.

आता फंड. इथे मी स्वतः पोळलोय. 2000 च्या सुरुवातीला आपल्याकडे आयटी फंडांचे एनएफओ, म्हणजे नव्या फंडाची पहिली विक्री, येत होते. एजंट घरी आला, म्हणाला इन्फोसिस हजारोंत आहे, हे युनिट फक्त दहा रुपयाला. बाबांच्या ग्रॅच्युइटीतले 50 हजार, फॉर्म मी भरला, सही त्यांची. दीड वर्षाने स्टेटमेंट आलं तेव्हा एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, तीन रुपयांच्या खाली. बाबा एक शब्द बोलले नाहीत, कागदाची होती तशी घडी घातली आणि पाकिटात ठेवून दिला. ती घडी मी विसरू शकत नाही.

अहो, दहा रुपये म्हणजे स्वस्त नसतं, त्या दहा रुपयांतून फंड त्या दिवशीच्या चढ्या भावानेच शेअर घेतो. आणि सेक्टर फंडाच्या, म्हणजे एकाच क्षेत्रातले शेअर घेणाऱ्या फंडाच्या, मॅनेजरला सगळं महाग दिसलं तरी बाहेर पडता येत नाही, बहुतेक पैसा त्याच सेक्टरमध्ये ठेवावा लागतो. यादीत वीस-पंचवीस नावं दिसतात पण पडताना सगळी एकदम पडतात. शेअर दलाल केतन पारेखच्या के-10 मधले, म्हणजे त्याच्या लाडक्या दहा शेअरमधले, डीएसक्यू सॉफ्टवेअर, सिल्व्हरलाइन, पेंटामीडिया आठवून बघा, तेव्हा लोक यांची नावं इन्फोसिसच्या बरोबरीने घ्यायचे.

टेक्नॉलॉजी घेऊच नका असं मी कधीच म्हटलं नाही. साध्या इंडेक्स फंडातही (निफ्टी-सेन्सेक्समधले सगळे शेअर घेणारा फंड) आयटी असतंच, वर हवं तर थोडं एसआयपीने, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकून, घ्या. पण प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की दोन वर्षांनी मुलीच्या इंजिनिअरिंगला लागणारे पैसे एकरकमी टाकलेत, त्यासाठीच एवढं लिहिलं. तेवढी रक्कम आधी काढून एफडीत ठेवा, प्लीज. बाकीच्या पैशांवर आपण कितीही वाद घालू.