सुगरणीच्या खोप्यांच्या भिंतीबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर आम्ही रंगवलेल्या सुगरणीच्या खोप्यांच्या चित्रात खालच्या कोपऱ्यात रंगाला फुगे आले, निळा मळकट दिसतो आणि येणारे पाहुणे ‘चित्र अर्धवट राहिलं का?’ असं विचारतात, असं तुम्ही लिहिलंय. तिन्ही तक्रारी रास्त आहेत.

फुगे ही सरळ आमची चूक. ओल तपासायला ४५ सेंमी चौरस प्लॅस्टिक चारही कडा चिकटवून २४ तास भिंतीवर ठेवतात. आतून दव धरलं तर भिंत ओली. आम्ही ते छातीच्या उंचीवर लावलं. भिंतीमागे वॉशरूम असताना ते जमिनीलगतच लावायला हवं होतं. तुमच्या फोटोत फुग्याखाली दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे क्षार. ते पाण्याबरोबर प्लास्टरमधून येतात, पाणी उडालं की रंगामागे साचतात आणि रंगाचा थर सुटतो. त्यामुळे वरवर रंग मारून घेऊ नका. आधी गळती बंद व्हायला हवी. मग आम्ही प्लास्टरपर्यंत खरवडू आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडू (पाण्याने धुतले तर विरघळून परत आत मुरतात). भिंत पूर्ण वाळल्यावर त्याच कोपऱ्यात पुन्हा चाचणी, मग क्षाररोधक प्रायमर, पुट्टी, परत प्रायमर आणि रंगाचे दोन हात. गळती सोडून बाकी कामाचे पैसे घेणार नाही.

निळ्याचा नमुना आपण दुपारी, खिडकीच्या उजेडात पाहिला. तुमचे दिवे ३००० केल्विनचे, पिवळसर. त्यांत निळा मरतो. त्या भिंतीपुरते ४००० केल्विनचे, म्हणजे जास्त पांढऱ्या उजेडाचे, आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर असलेले दिवे लावून पाहा. तरी पटला नाही तर रंग बदलू.

आता चित्राचा अर्थ. सुगरण पक्ष्यांत खोपा नर विणतो. अर्धा झाला की मादी येऊन पारखते. पसंत पडला तरच तो पुरा होतो, नाहीतर बहुधा तसाच लटकत राहतो. कच्चे आराखडे दाखवून त्यातला एक पुढे नेणाऱ्या तुमच्या कंपनीला याहून नेमकं चिन्ह मला सुचत नाही. बल्ब आणि रॉकेट कुठल्याही ऑफिसात चालतात, म्हणूनच ते टाळले. पण पाच अर्ध्या खोप्यांना अर्थ येतो तो उजवीकडच्या एका पुऱ्या खोप्यामुळे, आणि आज त्याच्यासमोर २१० सेंमी उंच कपाट उभं आहे. फर्निचरचा आराखडा रेखाटनाआधी मागायचा राहिला, ही आमची दुसरी चूक.

खाली ओळ लिहून अर्थ सांगावा ही तुमची सूचना मात्र मला पटत नाही. पुरा खोपा दिसला की ओळ लागणार नाही. कपाट हलत असेल तर उत्तमच. नसेल तर दारासमोरच्या खांबावर, जमिनीपासून १२० ते १८० सेंमीच्या पट्ट्यात तो नव्याने रंगवू; उभ्या माणसाची नजर तिथेच पडते. खांबाची रुंदी आणि दारापासूनचं अंतर मोजून कळवा.