अणू ‘रिकामा’ आहे का? एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

विज्ञानाची गोडी लावण्याच्या चांगल्या हेतूने पुढे ढकलला जाणारा एक संदेश बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अणू हा ९९.९९९९९९९९९९ टक्के रिकामा असतो. मधोमध केंद्रक आणि सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे दूरवर फिरणारे इलेक्ट्रॉन, बाकी सारी पोकळी. ही पोकळी काढून टाकली तर जगातील सर्व माणसे साखरेच्या एका चौकोनी वडीत मावतील. आपण कोणत्याही वस्तूला खऱ्या अर्थाने स्पर्श करत नाही, खुर्चीवर बसतो तेव्हाही आपण तिच्यावर तरंगतच असतो. संदेशाच्या लांबलेल्या आवृत्तीत आणखी एक ‘पुरावा’ जोडलेला असतो, तो म्हणजे एक मोल (म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या) पदार्थ २२.४ लिटर जागा व्यापतो, पण एक मोल पाणी मात्र अवघे १८ मिलिलिटर भरते, म्हणजे उरलेली सारी पोकळीच.

या संदेशातील आकडे फारसे चुकीचे नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. सोन्याच्या अणूची त्रिज्या त्याच्या केंद्रकाच्या त्रिज्येच्या सुमारे २०,००० पट आहे. अणू वानखेडे स्टेडियमएवढा कल्पिला तर केंद्रक मोठ्या वाटाण्याएवढे होईल, ही उपमा प्रमाणाच्या दृष्टीने ठीकच आहे. अणूचे ९९.९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान त्या वाटाण्यात असते, हेही खरे. चूक पुढच्या पायरीवर होते: वस्तुमान जिथे नाही तिथे काहीच नाही, असे संदेश गृहीत धरतो. वाटाणा मैदानाच्या मध्यभागी आहे एवढ्यावरून प्रेक्षागृहात कोणी नाही असे ठरत नाही.

या समजुतीला बहुधा पाठ्यपुस्तकातील सोन्याच्या पत्र्याचा प्रयोग कारणीभूत असावा. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण, म्हणजे हेलियमची केंद्रके, सोडले, त्यांतील बहुतेक सरळ पार गेले, अगदी थोडे मागे उलटले, आणि त्यावरून रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली. ‘बहुतेक कण पार गेले, म्हणून अणू बहुतांशी पोकळ’ हे वाक्य आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे आणि त्याचे गुणही घेतले आहेत. परंतु अल्फा कण इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७,३०० पट जड असतो आणि सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने येतो. चिलटांच्या थव्यातून हत्ती सरळ निघून गेला, म्हणजे तेथे चिलटे नव्हती असे होत नाही. त्याच सोन्यावर क्ष-किरण टाकले तर ते मुख्यतः इलेक्ट्रॉनांमुळेच विखुरतात, केंद्रकाचा त्यात जवळजवळ काहीच वाटा नसतो. स्फटिकांची रचना आपल्याला कळते ती या इलेक्ट्रॉनांच्या दाटीच्या नकाशांवरून. अणू कोणाला पोकळ वाटेल आणि कोणाला भरलेला, हे त्याच्यावर काय फेकले यावर अवलंबून असते.

ग्रहमालेच्या चित्राबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फिरणारा इलेक्ट्रॉन जुन्या विद्युतशास्त्राच्या नियमांनी वागला असता तर ऊर्जा उत्सर्जित करत सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात केंद्रकात कोसळला असता. ही अडचण असे चित्र मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनाही १९१३ मध्ये ठाऊक होती. १९२६ नंतरच्या पुंजयांत्रिकीनुसार (क्वांटम मेकॅनिक्स) इलेक्ट्रॉन हा मोठ्या अंगणात धावणारा बारीक खडा नसून, त्याची अवस्था त्या संपूर्ण अंगणभर पसरलेली असते. मग ‘इलेक्ट्रॉन आणि केंद्रक यांच्यामधली जागा’ हा शब्दप्रयोगच लागू पडत नाही.

आता मोलकडे वळू. संदेशाने मोलचा आधार घेतला आहे, पण मोलचा हिशेब नीट मांडला तर तो संदेशाच्याच विरोधात साक्ष देतो. एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. २० मे २०१९ पासून ही संख्या मोजून काढायची राहिली नसून व्याख्येनेच निश्चित केलेली आहे. ॲल्युमिनियमचा एक मोल म्हणजे २७ ग्रॅम. त्याची घनता दर घन सेंटीमीटरला २.७ ग्रॅम, म्हणजे तो १० घन सेंटीमीटर जागा व्यापतो. सोन्याचा एक मोल म्हणजे १९७ ग्रॅम, सराफाच्या आजच्या दहा ग्रॅमी तोळ्याने जवळजवळ वीस तोळे. सोन्याची घनता १९.३ असल्याने हे वीस तोळे भरतात १०.२ घन सेंटीमीटर. चांदीचा मोल १०८ ग्रॅमचा, आणि तोही १०.३ घन सेंटीमीटरच. अकरावीच्या वर्गात हे तीन भागाकार फळ्यावर करून दाखवले की मुले प्रथम माझे गणित चुकले असे समजतात.

या तीन आकड्यांचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. सोन्याचे केंद्रक ॲल्युमिनियमच्या केंद्रकापेक्षा सात पटींहून जड आहे, तरी दोन्ही अणूंना लागणारी जागा जवळजवळ सारखीच. स्फटिकात शेजारच्या अणूंमधील अंतर ॲल्युमिनियममध्ये ०.२८६ आणि सोन्यात ०.२८८ नॅनोमीटर. केंद्रक हाच अणूतील एकमेव खरा रहिवासी असता, तर जागेचा हा हिशेब त्याच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करून ठरला नसता. जागा ठरवतात ते इलेक्ट्रॉन. सोन्यात ते ७९ आहेत आणि ॲल्युमिनियममध्ये १३, पण सोन्याच्या केंद्रकावरील अधिक प्रभार आतल्या इलेक्ट्रॉनांना अधिक घट्ट ओढून धरतो आणि बाहेरची सीमा तेथेच राहते. मोलचे आकारमान भागिले मोलमधील कणसंख्या, एवढ्या साध्या हिशेबातून ही गोष्ट हाती येते.

२२.४ लिटरचा ‘पुरावा’ मात्र सरळ चुकीचा आहे. हा आकडा शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणि एक वातावरण दाबाला (समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाला) असलेल्या वायूचा आहे. घन किंवा द्रव पदार्थाला तो लावताच येत नाही. १८ ग्रॅम पाणी उकळून १०० अंशांची वाफ केली तर ती सुमारे ३० लिटर भरते, म्हणजे आकारमान सुमारे १,६०० पट वाढते. येथे पोकळी खरोखरच आहे, पण ती रेणूंच्या आत नसून रेणूरेणूंच्या मध्ये आहे. तशी पोकळी दाबून काढता येते, आणि सायकलचा पंप मारणारा प्रत्येक जण ते करतोच. पाण्याचे तसे होत नाही: महासागरातील सर्वांत खोल अशा मारियाना गर्तेच्या तळाशी सुमारे १,१०० वातावरणांचा दाब असूनही पाणी जेमतेम ५ टक्के आकसते. बारा आण्यांहून अधिक पोकळ असलेल्या वस्तूची ही वागणूक नव्हे.

स्पर्शाबाबत एवढेच म्हणता येईल की दोन पृष्ठभागांतील इलेक्ट्रॉनांनी एकमेकांना जवळ येण्यास केलेला विरोध, यालाच आपण स्पर्श म्हणतो. त्यापलीकडे ‘खरा’ स्पर्श असा काही शिल्लक नाही की जो आपल्याला नाकारला गेला आहे.

राहिली साखरेची वडी. ८०० कोटी माणसे, सरासरी ६० किलो धरली, तर एकूण ४८ कोटी टन वस्तुमान होते, आणि केंद्रकाच्या घनतेला ते खरोखरच दोन घन सेंटीमीटरच्या आसपास मावते. संदेश हे वजन मात्र सांगत नाही, आणि ‘पोकळी काढून टाकली’ हे शब्द तर निव्वळ फसवे आहेत. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडले. पदार्थ दाबताना झगडावे लागते ते या नियमाशी. श्वेतबटू ताऱ्यांत, म्हणजे इंधन संपून विझलेल्या आणि आकसलेल्या ताऱ्यांत, सूर्याएवढ्या वस्तुमानाचे गुरुत्वाकर्षणही हा विरोध मोडू शकत नाही, आणि तेथे एका घन सेंटीमीटरला साधारण एक टन एवढ्या घनतेवर गोष्ट थांबते. असा तारा एका मर्यादेहून (आजच्या हिशेबाने सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून) जड असेल तर हा विरोध अपुरा पडतो, हे १९३० मध्ये इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या भारतीय भौतिकशास्त्रज्ञांनी बोटीवरच्या प्रवासात गणिताने काढले. त्यापलीकडे इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत दाबले जाऊन न्यूट्रॉन तयार होतात, म्हणजे अणूमधील पोकळी निघून जात नाही, अणूच नाहीसा होतो. आणि साखरेच्या वडीएवढा तो गोळा ताऱ्यातून उचलून बाहेर ठेवला, तर त्याला दाबून धरणारे गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे तो क्षणभरही त्या आकारात राहणार नाही. प्रचंड स्फोटाने फुटेल.