नाळेचं रक्त म्हणे आयुष्याचा विमा!

सातवा महिना लागला रे लागला की सोनोग्राफीच्या रांगेतच गुळगुळीत पत्रक हातात पडतं: बाळाच्या नाळेचं रक्त साठवा, आयुष्यभराचा विमा! अहो, कसला विमा? पत्रकात थॅलेसेमियाचं नाव ठळक असतं. पण हा रक्ताचा आजार म्हणजे जनुकातला दोष. बाळाला असेल तर नाळेच्या रक्तातल्या, नवं रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींतही (स्टेम सेल्स) असणारच. त्याच पेशी त्याला परत देऊन काय साधणार?

आणि मात्रेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. या पेशींच्या प्रत्यारोपणाला रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण अडीच कोटी पेशी लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. चाळीस-पन्नास मिलिलिटरच्या पिशवीत तेवढ्या येणार कुठून?

खरा संताप येतो तो पिशवी भरावी म्हणून नाळेला चिमटा लावायची घाई होते तेव्हा. निदान मिनिटभर थांबलं तर ते रक्त बाळाच्याच अंगात जातं, पुढच्या काही महिन्यांची लोहाची बेगमी होते. आधी तिथे जाऊ द्या ना!

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःसाठीच्या खासगी साठवणुकीला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलंय. नाळेची ऊती, दाताचा गर साठवायला तर परवानगीच नाही, तरी पॅकेजमध्ये ते घुसडलेलं असतंच. मोठ्या भावंडाला थॅलेसेमिया असेल तर मात्र जरूर साठवा. सख्ख्या भावंडांचं एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळावे लागणारे पेशींवरचे खुणेचे घटक, पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यासाठी रक्तविकारतज्ज्ञाला बाळंतपणाच्या बरंच आधी भेटा, पत्रकवाल्याला नव्हे.