माझा भावी व्यवसाय आणि मी (गुण 20)

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आम्हा छात्राध्यापकांना ‘माझ्या भावी व्यवसायातील सद्यकालीन समस्या : शोध आणि आत्मचिंतन’ या विषयावर प्रकल्प लिहावा लागला. लग्न ठरल्यानंतर सासरची चौकशी करायला सांगावी, तसा हा प्रकार होता. चौकशीत काहीही निघाले तरी मुहूर्त बदलत नाही. दहा गुण समस्यांना आणि दहा आत्मचिंतनाला होते. चिंतन सकारात्मक असावे, अशी सूचना मॅडमनी फळ्यावर लिहून तिच्याखाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

समस्या शोधायला फार लांब जावे लागले नाही. आठवीपर्यंतच्या वर्गांना शिकवायचे तर आधी टीईटी, म्हणजे 150 गुणांची पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावी लागते. मग नोकरीसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिच्यात दोन तासांत 200 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. एवढ्या वेळात आमच्या मॅडम पाठाची प्रस्तावनासुद्धा संपवू देत नाहीत. शिवाय ही चाचणी 2017 नंतर थेट 2023 मध्ये आणि त्यानंतर 2025 मध्ये झाली, त्यामुळे अभ्यासाइतकेच प्रकृतीकडेही लक्ष द्यावे लागते. पुढे पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, शाळांचे पसंतीक्रम भरायचे आणि निवड झालीच तर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे पगाराऐवजी मानधनावर, काढायची. 2023 मध्ये माध्यमिक शाळेतील शिक्षण सेवकाचे मानधन वाढून दरमहा 18,000 रुपये झाले, हे मी ‘सकारात्मक बाबी’ या शीर्षकाखाली ठळक अक्षरांत नोंदवले. माझ्या आत्याच्या मते मात्र टीईटी आणि टेट ही एकच परीक्षा असून मी तिच्यात दोनदा नापास झाले आहे.

छात्रसेवाकालासाठी, म्हणजे शाळेतल्या सराव अध्यापनासाठी, मला एका शाळेतला सातवीचा वर्ग मिळाला, तेव्हा उरलेल्या समस्या स्वतःहून भेटायला आल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला लावता येत नाही. मात्र उरलेली सगळी कामे शैक्षणिक मानली की कायद्याला धक्का लागत नाही, हे मला तिथे कळले. माझे मार्गदर्शक सर मागच्या बाकावर बसून माझ्या पाठाचे निरीक्षण करत, म्हणजे मोबाईलवर मुलांची माहिती भरत. मध्येच खिचडी तयार झाल्याची वर्दी आली की ते उठून जात, चमचाभर खिचडी तोंडात घालत, चव नोंदवहीत ‘चव चांगली’ असे लिहून सही करत आणि परत येऊन माझ्या टाचणवहीतही, म्हणजे पाठाच्या आराखड्याच्या वहीतही, त्याच पेनाने ‘पाठ चांगला’ असे लिहीत. खिचडीत त्या दिवशी मीठ नव्हते, त्यामुळे माझ्या पाठाविषयी माझी खात्री पटेना.

एके दिवशी सरांनी मला बाजूला घेऊन, आजूबाजूला कोणी नाही ना हे पाहून, हळूच विचारले, “मॅडम, बालमानसशास्त्राचे तुमचे नोट्स मिळतील का?” 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले आहे. सरांची सेवा वीस वर्षांहून अधिक झाली आहे, अवघ्या गावाला त्यांनी अपूर्णांक शिकवले आहेत आणि बालमानसशास्त्रावरचे तीस गुण त्यांना झोप लागू देत नाहीत. मी नोट्स दिले. त्यानंतर माझ्या टाचणवहीत ‘पाठ उत्कृष्ट’ असा शेरा येऊ लागला, आणि हा व्यवहार प्रकल्पात कोणत्या शीर्षकाखाली घालावा हे मला अजून ठरवता आलेले नाही.

राहता राहिले आत्मचिंतन. ‘या आव्हानांमुळे माझी व्यावसायिक निष्ठा अधिक दृढ झाली’ हे वाक्य वर्गातल्या बहुतेकांच्या प्रकल्पात आहे, इतकी आमची निष्ठा सामूहिक आहे. मी त्याऐवजी एवढेच लिहिले की मला भीती वाटते, आणि तरीही सातवीतला एक मुलगा ‘ऋण संख्या म्हणजे उधारी ना?’ असे म्हणाला, तेव्हा ही नोकरी मला हवीच आहे असे वाटले. उपाय म्हणून ‘शिक्षकांचे कागदी काम कमी करावे’ असेही सुचवले.

मॅडमनी प्रकल्प परत केला तो ‘चिंतन प्रामाणिक आहे, पुरावा म्हणून जिओटॅग छायाचित्र जोडून दोन प्रती सादर करा’ या शेऱ्यासह. मैत्रिणीने मला ग्रंथालयाच्या खिडकीशी बसवले आणि हनुवटीवर हात ठेवायला लावला. पहिल्या छायाचित्रात मी खरोखरच विचारात पडलेली दिसत होते, पण त्यावर अक्षांश-रेखांश उमटले नव्हते, म्हणून ते रद्द करून दुसरे काढावे लागले.