खांबाशी झालेला करार

पोस्टाने एका पार्किंग कंपनीचं पाकीट आलं, उघडलं तर माझ्याच गाडीचे दोन फोटो, एक आत शिरताना, एक बाहेर पडताना, खाली मिनिटासकट वेळ, आणि मजकूर असा की ठरल्यापेक्षा जास्त वेळ गाडी लावून तुम्ही आमच्याशी केलेला करार मोडलात, १०० पौंड भरा, चौदा दिवसांत भरलेत तर ६०. करार? मी कधी केला? मी तर रेडिंगजवळच्या रिटेल पार्कात गाडीत बसून नवऱ्याची वाट बघत होते, तो 'एक ड्रिल बघतो, आलोच' म्हणून हार्डवेअरच्या दुकानात गेला तो गेलाच, फोनही उचलेना.

तर इंग्लंडात म्हणे करारासाठी सही लागत नाही, तोंडही उघडावं लागत नाही. पार्किंगच्या अटींची खांबावरची पाटी हा त्यांचा प्रस्ताव, तुम्ही गाडी लावलीत की झाला स्वीकार. वाचली नाही ही सबब चालत नाही, सहज दिसेल अशी लावली होती ना, बास.

मग काय, बसले रात्री केसेस वाचत. १९७१ ची थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग सापडली आणि जीवात जीव आला. मशीनने तिकीट दिलं, आणि 'इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही' ही अट लावलेली आतमध्ये. न्यायमूर्ती लॉर्ड डेनिंग म्हणाले, माणूस मशीनला शिव्यासुद्धा घालेल पण ते ढिम्म हलणार नाही, करार तिथेच झाला, मागाहून दिसलेली अट त्याच्या गळ्यात मारता येणार नाही. काय माणूस!

पण २०१५ ला सुप्रीम कोर्टात बीव्हिस नावाचे गृहस्थ आडवे आले. चेम्सफर्डचा रिटेल पार्क, दोन तास फुकट, हे ५६ मिनिटं जास्त थांबले, मागणी ८५ पौंडांची. ह्यांचं म्हणणं, कंपनीचं नुकसान काय झालं, हा तर निव्वळ दंड. न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध एक असं ठरवलं की जागा रिकाम्या होत राहण्यात कंपनीचा रास्त हितसंबंध आहे, रक्कम अवाजवी नाही, पाट्याही ठळक आहेत. विरोधात गेलेल्या त्या एकट्या लॉर्ड टोलसनना मी मनातल्या मनात पुरणपोळी वाढली.

मग मोर्चा नवऱ्याकडे वळवला. तू 'आलोच' म्हणालास, मी थांबले, करार झाला, तू मोडलास, काढ पैसे! हा आयटीतला, पण माझ्याच लॅपटॉपवर उघडी असलेली १९१९ ची बाल्फोर विरुद्ध बाल्फोर ह्याने नेमकी वाचली. साहेब सिलोनला नोकरीवर, बायको आजारपणामुळे इंग्लंडात, दरमहा ३० पौंड देईन म्हणाला, नाही दिले, ती कोर्टात गेली आणि अपिलात हरली, कारण नवराबायको घरात जे कबूल करतात त्यात कायद्याने बांधून घ्यायचा इरादाच नसतो म्हणे. म्हणजे ओळख ना पाळख अशा खांबाला मी गप्प बसून दिलेलं वचन पक्कं, आणि नवऱ्याने शुद्ध मराठीत दिलेलं हवेत!

६० पौंड भरले, जॉइंट अकाउंटमधून. ड्रिल घेतलंच नव्हतं, शेल्फवर एक किंमत आणि काउंटरवर दुसरी म्हणून हा तिथे 'लिहिलंय तेवढ्यालाच द्या' असा वाद घालत बसला होता. इथे मात्र १९५३ ची बूट्स ह्या औषधांच्या दुकानाची केस माझ्या मदतीला धावली: शेल्फवर मांडलेला माल हा प्रस्तावच नव्हे, नुसतं आमंत्रण, तुम्ही काउंटरवर न्यायचं आणि हो म्हणायचं की नाही ते दुकानदाराने ठरवायचं. हा निकाल मी ह्याला मोठ्याने वाचून दाखवला, जेवताना, सासूबाई व्हिडिओ कॉलवर असताना.